छोट्या फायबर बोटीवर व्हीएचएफ अँटेनाला अर्थिंग कुठे द्यायचं?

तुमची बोट साडेपाच मीटरची, फायबरची, रेडिओ 25 वॉटचा व्हीएचएफ. विचारताय की अँटेनाच्या अर्थिंगसाठी तळाला तांब्याची पट्टी बसवावी लागेल का. नाही लागणार. चांगल्या तळाला उगाच भोकं पाडू नका.

संकटात हाक मारायचा चॅनल 16 चालतो 156.8 मेगाहर्ट्झवर, म्हणजे लहरीची लांबी सुमारे 1.9 मीटर. बोटींसाठी म्हणून विकले जाणारे बहुतेक अँटेना निदान अर्ध्या लहरीचे असतात आणि त्यांना खाली धातूच्या पायाची गरज नसते. गाडीच्या टपावरची पाव लहरीची काडी मात्र फायबरवर लावू नका, तिला खाली पत्रा लागतोच. पाण्याशी जोडलेली पट्टी लागते ती लांब पल्ल्याच्या एमएफ/एचएफ रेडिओला. आभाळातून पडणाऱ्या विजेपासून संरक्षण हे तिसरंच प्रकरण. त्याची जाड वायर वेगळी आणि शक्य तितकी सरळ पाण्यापर्यंत न्यायची असते, अँटेनाची केबल त्या कामाची नाही.

पट्टीचे पैसे केबलवर घाला. रेडिओपासून अँटेनापर्यंत दहा मीटर आरजी-58 ही बारीक केबल टाकलीत तर 25 पैकी साधारण 9 वॉट वाटेतच संपतात; आरजी-213 मध्ये तेच नुकसान 5 वॉटच्या आसपास. ती जाड आणि वळवायला हट्टी असते, हे खरं. तुमच्या बोटीवर चार-पाच मीटरमध्ये भागत असेल तर मधल्या जाडीची आरजी-8एक्स पुरे. शिल्लक केबलचं भेंडोळं करून कोपऱ्यात कोंबण्यापेक्षा ती कापा.

खरी गडबड होते केबलच्या टोकाला लागणाऱ्या पीएल-259 कनेक्टरवर. सोल्डर करण्याआधी त्याची बाहेरची फिरती नट केबलमध्ये ओवून घ्या, नाहीतर झालेलं सगळं उकलावं लागतं. केबलमधल्या तारांच्या जाळीची एक तार जरी मधल्या पिनेला टेकली तरी शॉर्ट. आणि उघड्या टोकातून खारं पाणी जाळीत शिरलं की ते आतल्या आत पसरतं, तांबं काळं पडतं. अशी केबल कापून काळा भाग संपला नाही तर बदलायचीच. जोडावर आपोआप एकजीव होणारी रबर टेप ताणून गुंडाळा. साधी इन्सुलेशन टेप समुद्रावर टिकत नाही.

मल्टीमीटर लावल्यावर अँटेनाची पिन आणि बाहेरची बाजू शॉर्ट दिसली तर लगेच दुकानदाराशी भांडू नका. बऱ्याच अँटेनांची रचनाच तशी असते. केबल मात्र अँटेना काढून तपासा, तिथे शॉर्ट दिसता कामा नये.

रेडिओची मायनस वायर थेट बॅटरीला, प्लसही तिथूनच, फ्यूज घालून. बोलताना तो 5-6 अँपिअर ओढतो. बटण दाबताच डिस्प्ले मंद झाला तर आधी वायरची जाडी आणि टोकांवरचा गंज बघा.

अँटेना जमेल तितका उंच लावा. दोन्ही बोटींचे अँटेना पाण्यापासून 3 मीटरवर असतील तर सुमारे 14 किलोमीटरपर्यंत बोलणं होईल, आणि वॉट वाढवून हा आकडा फारसा हलत नाही. 9 डीबीच्या (डीबी म्हणजे अँटेना झोत किती एकवटतो त्याचं माप) लांबलचक अँटेनाच्या मोहात पडू नका: बोट डोलली की त्याचा अरुंद झोत आभाळात नाहीतर पाण्यात जातो. 3 किंवा 6 डीबीचा घ्या.

शेवटी एसडब्ल्यूआर मीटर मागून आणा; अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते तो दाखवतो. आकडा 1.5 च्या आत असेल तर उत्तम, 2 च्या वर गेला तर आधी कनेक्टर उघडा. तपासणी 1 वॉटवर करा आणि चॅनल 16 सोडून, तो संकटातल्यांसाठी मोकळा राहू द्या.