आधी थ्रॉटल करा, स्टिक नंतर

या वेळी फ्लाइट सिम्युलेटरवाल्यांची पत्रं जरा जास्तच आलीत आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, की कीबोर्डवर विमान उडवण्यात मजा नाही, रेडिमेड जॉयस्टिक आणि थ्रॉटल (इंजिनाची पॉवर कमी-जास्त करायचं नियंत्रण) यांचा चांगला सेट परवडत नाही, मग घरीच बनवता येईल का. येईल, आणि नीट बनवला तर स्वस्तातल्या रेडिमेड स्टिकपेक्षा चांगला होईल. पत्रं थोडी कापून देतोय.

प्रश्न : दादा, मी सांगलीला असतो, अकरावीत आहे. माझ्याकडे शाळेच्या प्रोजेक्टमधला आर्डुइनो ऊनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) पडून आहे. त्याच्यावर जॉयस्टिक होईल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : ऊनो दुसऱ्या कशाला तरी वापर. कॉम्प्युटरला ‘मी जॉयस्टिक आहे’ असं यूएसबीवरून सांगता येणारी चिप लागते, आणि ऊनोची मुख्य चिप थेट यूएसबीला जोडलेलीच नसते, मधे दुसरी एक चिप असते ती नुसती सिरियल पोर्ट म्हणून दिसते. त्या मधल्या चिपचं फर्मवेअर बदलून लोक हे काम ऊनोकडूनही करून घेतात पण पहिल्याच प्रोजेक्टला तो उपद्व्याप नको. लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो बोर्ड घे. दोन्हीवर एटीमेगा३२यू४ ही चिप असते, आर्डुइनोची जॉयस्टिक लायब्ररी टाकली की विंडोजमधे सरळ गेम कंट्रोलर म्हणून दिसतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

आता सुरुवात कुठून. सगळे स्टिकपासून सुरू करतात आणि तिथेच अडकतात, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आधी थ्रॉटल कर. स्टिकला दोन दिशा, स्प्रिंगा, बरोबर मधे परत येणं, एवढं सगळं एकदम जमवावं लागतं. थ्रॉटलला एकच दिशा आणि सोडला तिथे थांबला की झालं. त्यातही सेसना १७२ या छोट्या विमानाचा थ्रॉटल सगळ्यात सोपा, तो लिव्हर नाहीच, डॅशबोर्डमधून बाहेर येणारा दांडा आहे, आत ढकलला की पॉवर वाढते. त्याच्या शेजारी मिक्स्चरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या इंधन-हवेच्या प्रमाणाचा, लाल नॉब. म्हणजे तुला हवेत दोन स्लाइड पॉट (पोटेन्शियोमीटर, म्हणजे सरकवून बदलता येणारा रेझिस्टर), साउंड मिक्सरवर वर-खाली सरकवायचे असतात तसले, ६० किंवा १०० मिलिमीटरचे. लाकडी खोक्यात आडवे बसव, सरकणाऱ्या खुंटीला ॲल्युमिनियमचा दांडा जोड, दांडा समोरच्या फळीतल्या भोकातून बाहेर काढ आणि भोकाला आतून फेल्टचा तुकडा चिकटव. त्या फेल्टमुळे दांडा हाताला जरा जड लागतो, बोट काढलं की तिथेच राहतो. खऱ्या सेसनातही थ्रॉटल घट्ट-सैल करायला फ्रिक्शन लॉक असतं, ते उगाच नाही.

पॉट घेताना त्याच्यावर बी१०के (दहा किलोओहमचं, सरळ प्रमाणात बदलणारं) लिहिलंय ना ते बघ. दुकानात नुसतं ‘दहा केचं दे’ म्हटलं की कधी कधी ए१०के हातात पडतं, ते आवाजासाठीचं लॉग पॉट असतं, आणि ते लावलं तर अर्धा थ्रॉटल दिला तरी इंजिन जेमतेम जागं होतं आणि शेवटच्या बोटभर अंतरात सगळी पॉवर एकदम येते. वायरिंग तीनच तारांचं: एक टोक ५ व्होल्टला, दुसरं ग्राउंडला, सरकणारा वायपर ए० पिनला. स्लाइड पॉटमधे वायपरची पिन मधलीच असेल असं नाही, मल्टिमीटरने तपासून घे. वायपर आणि ग्राउंडच्या मधे १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर टाक. मग विंडोजच्या रनमधे जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाकून कॅलिब्रेट कर. थ्रॉटल उलटा चालत असेल तर टोकाच्या दोन तारा अदलाबदल कर, कोडला हात लावायचीही गरज नाही. सामान पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं, तुला सांगलीत नाही मिळालं तर ऑनलाइन मागव.

प्रश्न : सर, मी डोंबिवलीहून लिहितोय. प्लायवूड आणि पॉट वापरून स्टिक बनवली, चालते, पण विमानाचं नाक सारखं थरथरतं आणि लँडिंगच्या वेळी बारीक करेक्शन देता येत नाही, नाक टप्प्याटप्प्याने उडी मारल्यासारखं हलतं. कोडमधे ॲव्हरेज घेऊन बघितलं तर स्टिक उशिरा प्रतिसाद द्यायला लागली. पॉट महागातले घेऊ का?

उत्तर : महागातल्या पॉटने थरथर थोडी कमी होईल, उड्या जाणार नाहीत. त्या उड्या तुमच्या भूमितीत आहेत. साधं गोल पॉट साधारण ३०० अंश फिरतं, आणि तुमची स्टिक मधल्यापासून इकडे २० आणि तिकडे २०, म्हणजे एकूण ४० अंशच हलत असणार. एटीमेगा३२यू४ चा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटचा, पूर्ण ३०० अंशांना १०२४ पायऱ्या, मग ४० अंशांना आल्या फक्त १३६. कॅलिब्रेशन केल्यावर कॉम्प्युटर त्याच १३६ पायऱ्या ताणून पूर्ण ॲक्सिसभर पसरवतो. आता एडीसीचं रीडिंग नुसतं दोनने वर-खाली झालं, जे होतंच, तरी एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) तीन टक्के हलला. रनवे समोर असताना तीन टक्के म्हणजे खूप झालं. ॲव्हरेज घेऊन तुम्ही थरथर दाबली पण पायऱ्या तेवढ्याच राहिल्या, वर उशीर पदरात पडला.

पॉट सोडून मॅग्नेटिक सेन्सरवर या. स्वस्त रस्ता म्हणजे एसएस४९ई हा हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा), तीन पायांचा, ट्रान्झिस्टरसारखा दिसतो. सेन्सर जागेवर स्थिर ठेवायचा आणि त्याच्या दोन बाजूंना दोन छोटे निओडिमियम मॅग्नेट, एकाचा उत्तर ध्रुव आणि दुसऱ्याचा दक्षिण ध्रुव सेन्सरकडे, असे फिरणाऱ्या भागावर बसवायचे. स्टिक मधे असताना सेन्सरचा चपटा चेहरा त्या क्षेत्राला समांतर हवा, मग आउटपुट बरोबर अर्ध्या व्होल्टेजला येतं आणि दोन्हीकडे सारखं बदलतं. २० अंशांपर्यंत हा बदल जवळजवळ सरळ रेषेत असतो, त्यामुळे कोडमधे करामती कराव्या लागत नाहीत. काहीच कशाला घासत नाही म्हणून झिजतही नाही, आणि पॉटमधे धूळ गेल्यावर येतो तो खरखराट कायमचा संपला.

दुसरा रस्ता एएस५६०० या मॅग्नेटिक सेन्सरचा. हा १२ बिटचा, पूर्ण फेरीला ४०९६ पायऱ्या, म्हणजे तुमच्या ४० अंशांत साधारण ४५५ येतात, आत्ताच्या तिपटीहून जास्त. पण दोन गोष्टी आधीच लक्षात ठेवा. याला व्यासाच्या दिशेने मॅग्नेटाइज केलेला मॅग्नेट लागतो, म्हणजे गोल चकतीचा अर्धा भाग उत्तर आणि अर्धा दक्षिण. बाजारातल्या नेहमीच्या चकतीला एका तोंडावर उत्तर आणि दुसऱ्या तोंडावर दक्षिण असतो, ती इथे बिनकामाची, आणि नुसतं बघून फरक कळत नाही, विकत घेताना विचारूनच घ्यावं लागतं. दुसरं म्हणजे हा सेन्सर आयटूसी नावाच्या दोन तारांच्या पद्धतीने बोलतो आणि त्यातला त्याचा पत्ता ठरलेला असतो, त्यामुळे पिच (नाक वर-खाली) आणि रोल (डावी-उजवीकडे कलणं) यांसाठी दोन सेन्सर एकाच जोडीच्या तारांवर चालत नाहीत, मधे मल्टिप्लेक्सर (आळीपाळीने एकेक सेन्सर जोडणारी चिप) टाका नाहीतर त्याचं ॲनालॉग आउटपुट वापरा, पण ॲनालॉग घेतलं तर शेवटी परत १० बिटच, म्हणून तेव्हा सेन्सरमधे सुरुवातीचा आणि शेवटचा कोन प्रोग्राम करून घ्यायचा. कुठलाही मॅग्नेट वापरलात तरी त्याच्या जवळचे लोखंडी स्क्रू काढून पितळी लावा.

आणि एवढं सगळं करूनही सांधाच ढिला असेल तर सेन्सरचा काही उपयोग नाही. सिम्युलेटरच्या स्टिकमधे पैसे आणि वेळ घालायची जागा म्हणजे सांधा, तुम्ही पाठवलेल्या फोटोत बोल्ट थेट प्लायवूडच्या भोकात फिरतोय, ते भोक महिन्याभरात मोठं होणार. ६०८ नंबरचं बेअरिंग घ्या, स्केटिंगच्या चाकात असतं तेच, आत ८ मिलिमीटर आणि बाहेर २२, साधा एम८ बोल्ट त्यात छान बसतो. प्रत्येक ॲक्सिसला दोन, म्हणजे चार बेअरिंगमधे काम होतं. मग स्टिकचं टोक दोन बोटांत धरून अगदी हलकेच हलवा, आणि तुमच्या हाताला काही कळायच्या आत स्क्रीनवरचा आकडा हलला पाहिजे. हात हलतोय आणि आकडा जागेवरच आहे, तर मधे कुठेतरी प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे, तो शोधा, तोवर पुढे जाऊ नका.

स्प्रिंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण फोटोत समोरासमोर दोन स्प्रिंगा दिसल्या म्हणून सांगतो. त्या मधल्या स्थितीतही दोन्ही ताणलेल्या पाहिजेत, एक जरी सैल राहिली तर स्टिक मधे लटपटते. त्यापेक्षा कात्रीसारख्या दोन भुजा, मधे एक खिळा आणि दोन्ही भुजांना ओढणारी एकच स्प्रिंग अशी रचना केलीत तर मध्य हाताला स्पष्ट लागतो.

प्रश्न : मुलगा नववीत आहे, सोलापूरला असतो आम्ही. अभ्यास झाला की लाकूड, तारा घेऊन हेच करत बसतो, म्हणतो पायलट व्हायचंय. याचा खरंच उपयोग होतो का हो?

उत्तर : ताई, लायसन्सच्या हिशोबात नाही. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यात घरच्या सिम्युलेटरचं एक मिनिटही धरत नाहीत. पण चेकलिस्ट, नकाशे, रेडिओवरची भाषा, कुठला डायल काय सांगतो, हे त्याला आत्ताच अंगवळणी पडेल. आणि सिम्युलेटरचा जन्मच असल्या खटपटीतून झालाय. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावात एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता, त्याने ऑर्गनचे भाते आणि पंप वापरून १९२९ मधे जमिनीवरच झुलणारं, कलणारं विमान बनवलं. लोकांनी ते आधी जत्रेतली करमणूक म्हणून घेतलं. १९३४ मधे तिथल्या आर्मीकडे हवाई टपालाचं काम आलं, खराब हवेत पायलट मरायला लागले, तेव्हा त्यांनी लिंकची ६ यंत्रं विकत घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धात लाखो पायलट त्याच्यावर शिकले. मुलाला करू द्या. सोल्डरिंग करताना खिडकी उघडी आणि डोळ्यांना चष्मा, एवढं मात्र बघा.

प्रश्न : नाशिकहून लिहितोय, निवृत्त आहे. माळ्यावर नव्वदच्या दशकातली १५ पिनवाली जॉयस्टिक सापडली. टाकून देऊ की काही होईल?

उत्तर : काका, अजिबात टाकू नका. सांधा, स्प्रिंग, ग्रिप, ट्रिगर, सगळं आयतं आहे. त्या जुन्या गेम पोर्टमधे पॉटमधून कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो ते मोजायचे, त्यामुळे पॉटचे दोनच पाय जोडलेले असतात. तिसरा मोकळा पाय ग्राउंडला जोडा, वायपर प्रो मायक्रोच्या ॲनालॉग पिनला, की झालं. आतले पॉट बहुतेक १०० केचे असतील, या चिपला ते जरा जास्तच पडतात, म्हणून वर सांगितलेला १०४ कपॅसिटर टाकाच, किंवा १० केचे नवीन बसवा. ट्रिगर थेट डिजिटल पिन आणि ग्राउंडमधे. यूएसबीला लावायच्या आधी ५ व्होल्ट आणि ग्राउंड शॉर्ट नाहीत ना ते मल्टिमीटरने बघा.

प्रश्न : पुण्यातून. मी फक्त एअरबस ए३२० उडवतो. थ्रॉटल तयार आहे पण खाचा कशा करू?

उत्तर : ए३२० ला खाचा नसतील तर तो थ्रॉटल अर्धवटच, कारण टेकऑफनंतर लिव्हर क्लाइंबच्या खाचेत आणला की ऑटोथ्रस्ट पॉवर सांभाळतो आणि लिव्हर लँडिंगच्या आधी ‘रिटार्ड’ (लिव्हर मागे घे) असा आवाज येईपर्यंत तिथेच असतो. हात न बघता त्या खाचेत जायला हवा. कोन असे घ्या: आयडल ०, क्लाइंब २५, फ्लेक्स (कमी केलेली टेकऑफ पॉवर) ३५ आणि टोगा (पूर्ण पॉवर) ४५ अंश. लिव्हरच्या बुडाला ६ मिलिमीटर ॲक्रिलिकची कमान लावा, कानशीने या कोनांवर उथळ गोल खाचा काढा आणि स्प्रिंगवर बसवलेलं एक छोटं बेअरिंग खालून त्या कमानीवर दाबून ठेवा. खाच खोल केलीत तर लिव्हर झटका देऊन बाहेर येतो, म्हणून थोडं घासा, लावून बघा, परत घासा. मग सिम्युलेटरच्या थ्रॉटल कॅलिब्रेशनमधे प्रत्येक खाचेत लिव्हर ठेवून तो आकडा सेव्ह करा, आणि दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा ठेवा, नाहीतर क्लाइंबमधे असताना डिस्प्लेवर मधेच क्लाइंब जाऊन परत येत राहतं. रिव्हर्ससाठी आयडलच्या मागे आणखी २० अंश लागतात, तेवढी जागा खोक्यात नसेल तर सध्या रिव्हर्सला वेगळं बटण द्या.