सीनियर केजीची पहिलीच प्रगतिपत्रकं लिहिताय?

ताई, घाबरू नका, फक्त परीक्षा घेऊ नका. 2022 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही 3 ते 6 वयाला चाचण्या नकोत असंच म्हटलंय.

छोटी वही जवळ ठेवा. रोज तीनच मुलं: काय केलं, काय बोललं, तारीख. ‘हुशार आहे’ हे निरीक्षण नव्हे. ‘तलावपाळीला बोटीत बसल्याची गोष्ट स्वतःहून सांगितली’ हे निरीक्षण.

नवख्यांच्या चुका:
- मार्चमध्ये एका दिवसात सगळं उरकणं.
- घरी आगरी बोलणाऱ्याला ‘भाषेत कच्चा’ ठरवणं. (मीही केलंय, अजून लाज वाटते.) तो घरच्या भाषेत काय सांगतो ते आधी ऐका.
- सहा-आठ महिन्यांनी लहान मुलाची मोठ्याशी तुलना.

श्रेण्या, रकाने नंतर बघू. आधी वही आणा.