माझी टीम रोज लांबून लोकलने ऑफिसला येते. ताण कमी केला तर टीममधून नव्या कल्पना खरंच येतात का?

हो, येतात, पण शुक्रवारच्या योगासत्राने नाही, तर साहेबांसमोर 'मला हे पटत नाही' म्हणायची भीती गेली की येतात. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीम्सचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. जिथे शंका विचारली किंवा चूक सांगितली तरी पाणउतारा होणार नाही असा भरवसा होता, तिथे माणसं जास्त विचारत, जास्त शिकत. नवी कल्पना सुरुवातीला अर्धीकच्चीच असते, आणि हसं होईल या धास्तीने ती बहुतेक जण गिळून टाकतात.

तुमची टीम विरार-बदलापूरहून लोकलने लटकत लोअर परळला येते म्हणता, मग आधी वेळा बदला. सकाळी साडेनऊची मीटिंग अकराला न्या; दमलेल्या माणसाकडून वेगळा विचार मागणं अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. मीटिंगमध्ये सर्वांत ज्युनिअरला आधी बोलू द्या, तुम्ही शेवटी बोला. सूचना नाकारलीत तर कारण त्याच आठवड्यात सांगा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण उत्तरच मिळालं नाही तर माणूस पुन्हा तोंड उघडत नाही.

एक मर्यादा मात्र आहे: कुणाची झोप उडाली असेल, सतत उदास वाटत असेल, तर मीटिंगची पद्धत बदलून भागणार नाही, उपचार लागतील. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर (१४४१६) मराठीत, चोवीस तास, मोफत बोलता येतं. तो नंबर ऑफिसात लावा.