तळे नसताना परसबागेत बदके पाळता येतील का?

लातूर जिल्ह्यातील आपल्या पाच गुंठ्यांच्या परसबागेत तळे नसताना बदके पाळता येतील का, असे आपण विचारले आहे. तळे नसले, तरी ती पाळता येतील. पोहण्यापेक्षा चोच आणि डोळे बुडतील एवढे खोल पाणी त्यांना अधिक आवश्यक असते, आणि त्यासाठी मोठे घमेले पुरते. अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल ही जात घ्यावी. घमेल्यातील पाणी रोज बदलावे लागते, परंतु आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते वाया न घालवता केळी, शेवग्याच्या आळ्यात ओतावे. मेथी, पालकाच्या वाफ्यांत मात्र बदके मुळीच सोडू नयेत, कारण किडे वेचता वेचता ती कोवळी रोपेही फस्त करतात. ही जात फारशी उडत नसल्याने वाफ्यांभोवती दोन फूट उंचीची जाळी चालते.

खरी जोखीम खाद्यात आहे. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणा पेंड यांतील अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष बदकांना कोंबड्यांपेक्षा कितीतरी अधिक घातक ठरते, म्हणून पावसाळ्यात पेंड थोडीथोडीच आणावी. शिवाय २०२२ मध्ये मराठवाड्यात सोयाबीनवर शंखी गोगलगायींचा प्रादुर्भाव झाला, तेव्हा मेटाल्डिहाइड या विषारी गोगलगायनाशकाच्या गोळ्या वापरल्या गेल्या. अशा गोळ्या टाकलेल्या शेतात बदके जाऊ देऊ नयेत.