चित्रासोबत बारही दिसू दे

प्रिय,

तू पाठवलेले, बारच्या भिंतींवरच्या चित्रांचे फोटो पाहिले. कडा सरळ, फोकस नेमका; पण बार कुठेच दिसत नाही. हीच चित्रं संग्रहालयात टिपली असतीस तरी अशीच आली असती. ही चित्रं मात्र त्या दिव्यांसाठी, त्या गर्दीसाठी काढलेली असतात.

न्यूयॉर्कच्या कार्लाइल हॉटेलातला बेमेलमन्स बार घे. चित्रकार लुडविग बेमेलमन्स यांनी १९४७ साली तिथे सेंट्रल पार्कचे ऋतू रंगवले. सहलीला आलेले ससे, बर्फावर स्केटिंग करणारे हत्ती! मोबदला म्हणून त्यांनी सहकुटुंब दीड वर्ष हॉटेलात राहायची सोय करून घेतली. टेबलांवर छोटे दिवे आहेत, छताला सोन्याचा वर्ख. तिथल्या उजेडात ससे पिवळसर दिसतात, आणि फोटोतही ते तसेच दिसायला हवेत. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी कॅमेऱ्यातली सोय, ऑटोवर ठेवला की कॅमेरा तो पिवळेपणा काढून टाकायला बघतो. म्हणून रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या फाइलमध्ये काढ आणि एका फ्रेममध्ये ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायला वापरतात ते करडं कार्ड धर. मूळ रंगांची नोंद राहील आणि खोलीचा रंग किती ठेवायचा ते तुझ्या हातात राहील.

खरी डोकेदुखी चकाकीची. न्यूयॉर्कच्याच सेंट रेजिस हॉटेलातलं 'ओल्ड किंग कोल' हे चित्र चित्रकार मॅक्सफील्ड पॅरिश यांनी १९०६ साली निकरबॉकर हॉटेलच्या बारसाठी रंगवलं होतं. ते सुमारे तीस फूट लांब आहे. पॅरिश पारदर्शक रंगाचे पातळ थर एकावर एक चढवत आणि मधे वार्निश देत. रंगांना खोलपणा त्यातूनच येतो. पण वार्निशच्या अशा पृष्ठभागावर दिवा पडला की पांढरा डाग उठतो. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चकाकी कमी करणारा फिल्टर, तिरक्या चकाकीवर छान चालतो, पण अगदी समोरून काढताना त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे दोन पावलं बाजूला सरक, डाग चित्राच्या रिकाम्या भागावर जाऊ दे. फ्लॅश नकोच, चकाकी वाढते आणि बसलेल्या माणसांची संध्याकाळ बिघडते. लांबलचक चित्र तुकड्यांत काढायचं असेल तर प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर तिसरा हिस्सा तरी चढू दे.

बार उघडल्या उघडल्या जा. बारटेंडरला विचार, काहीतरी मागव, आणि कॅमेरा काढण्याआधी निवांत बघत बस. कोपऱ्यात सही सापडते, धुराने तपकिरी झालेला वरचा पट्टा दिसतो. तो पट्टा कापून टाकू नकोस. अनेक वर्षांच्या सिगारेटींचा तो थर आहे, आणि पुढे चित्र स्वच्छ झालं की तो फक्त फोटोतच उरेल.

टिकी बारमधली, म्हणजे पॅसिफिक बेटांच्या थाटात सजवलेल्या बारमधली चित्रं बघताना मात्र डोळे उघडे ठेव. ताडाची झाडं, फुलं माळलेल्या बायका, लाकडी देव: हे बहुतेक अमेरिकी गिऱ्हाइकाच्या स्वप्नातलं पॉलिनेशिया आहे, तिथल्या लोकांचं नव्हे. चित्र मनापासून आवडू दे, पण फोटोखाली हेही लिही.

ही चित्रं कायम जागेवर राहतील असं धरून चालू नकोस. सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅलेस हॉटेलातलं पॅरिश यांचंच १९०९ सालचं 'पाइड पायपर' २०१३ मध्ये विक्रीसाठी उतरवलं होतं. शहरातल्या लोकांनी ओरड केली, म्हणून ते परत आलं. तेव्हा प्रत्येक फोटोसोबत चित्रकाराचं नाव, साल आणि तू फोटो काढलेली तारीख लिहून ठेव. एक मोठी प्रत बारवाल्यांनाही पाठव. पुढे डागडुजी करणाऱ्याला तीच उपयोगी पडेल.

पुढच्या खेपेचे फोटो न छाटता पाठव, खुर्च्या-ग्लासांसकट.

तुझा,
काका