प्रकरण अडलं की फेसबुक उघडतं, काय करू?

प्रश्न : ताई नमस्कार, मी जालन्याची, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि इतिहासात पीएचडी करतीये, विषय १९७२च्या दुष्काळात सरकारी कामांवर राबलेल्या मराठवाड्यातल्या बायका. मागे सहज सुकडी आणि लाल मिलो या दुष्काळातल्या खाण्यावर फेसबुकला पोस्ट टाकली तर कमेंटच कमेंट, कुणाच्या आईनं खडी फोडलेली, कुणाची आजी पाझर तलावावर होती. आता रोज संध्याकाळी पोस्ट लिहिते, लोक वाट बघतात, पण प्रबंधाचं तिसरं प्रकरण जागचं हलत नाहीये. गाईड म्हणतात अकाउंट बंद करा. करू का?

उत्तर : नका करू, निदान लगेच तरी नको. (गाईड मंडळी स्वतः ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे फोटो टाकतात ते वेगळं.) तुम्ही नुसतं रील्स बघत बसला असतात तर मीही बंदच करा म्हणाले असते, पण तुमच्या कमेंटमध्ये माणसं सापडतायत आणि ती घालवून चालणार नाही. बाहत्तरला वीस वर्षांची असलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेलीये, त्यामुळे "माझी आई कामावर होती" असं ज्यानं लिहिलंय त्याला आजच मेसेज करा, आईकडे जा, नाव गाव वय लिहून घ्या, परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करा. कमेंट जशीच्या तशी प्रबंधात जाणार नाही, मुलाखत जाईल.

पण पोस्ट लिहायला इतकं बरं का वाटतं माहितीये का, तिथं कुणी पुरावा मागत नाही. "रोजगार हमीचा कायदा बाहत्तरचा" असं तिथं कुणीही लिहितं आणि शंभर लाइक पडतात. प्रकरणात मात्र तुम्हाला योजना वेगळी आणि कायदा वेगळा काढावा लागतो, कायदा १९७७चा आणि अंमल २६ जानेवारी १९७९पासून, मग तुमच्या गावातलं काम नेमकं कोणत्या आदेशानं निघालं होतं ते कागदात शोधा, तळटीप द्या... आणि तिथंच हात फोनकडे जातो. एक-दोन दिवस स्वतःवरच लक्ष ठेवून बघा, वाक्य सरळ चाललेलं असताना तुम्ही फेसबुक उघडत नसणार, संदर्भ अडला की उघडता. म्हणून अडलं की तिथंच कंसात "आदेश बघायचा" एवढं टाका आणि पुढचं लिहा, शोधाशोध दुपारी.

"दोनच मिनिटं बघते" हे तर अजिबात नको. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ साली दाखवलंय की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की थोडं लक्ष पहिल्यातच अडकून राहतं. आणि तुमची कमेंट तर कायम अर्धवटच, कुणीतरी वाद घालून गेलेला असतो.

माझं मत, पोस्ट आठवड्यातून एकच, तीही त्या आठवड्यात प्रकरणात जे लिहून झालं त्यातूनच. आधी प्रकरण, मग पोस्ट. याला अजून एक कारण आहे. अशा पोस्टी नाव काढून व्हॉट्सॲपवर फिरतात, एखाद्या पोर्टलवर चढतात, आणि मग साम्य तपासणीत, म्हणजे प्रबंधात उचलेगिरी आहे का ते बघतात त्यात, तुमचंच वाक्य दुसऱ्याचं म्हणून लाल होतं. यूजीसीच्या २०१८च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला सूट आहे, त्यावर ४० टक्क्यांपर्यंत गेलं की दुरुस्त करून परत द्या. तेव्हा पोस्टीच्या तारखा, स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि गाईडना आधीच सांगून ठेवा.

पीएचडीच्या मुदतीचं म्हणाल तर यूजीसीच्या २०२२च्या नियमांनी सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, बायकांना त्यावर अजून दोन मिळू शकतात. पण तासिकांच्या मानधनावर दहा वर्षं कोण काढणार!

प्रश्न : माझ्याकडे लॅपटॉप नाही, एमएचा प्रकल्प मोबाईलवरच लिहितो. नोटिफिकेशन आलं की गेलोच. फोन लांब ठेवा हा नेहमीचा सल्ला माझ्या काय कामाचा?

उत्तर : काहीच कामाचा नाही, खरंय. गूगल डॉक्सची फाईल आधी ऑफलाइन करून घ्या, फ्लाइट मोड लावा आणि मग टाइप करा, संदर्भाचे फोटो गॅलरीत असतातच. नाहीतर पहिला खर्डा सरळ वहीत, लायब्ररीत बसून, आणि टाइप नंतर. डबल काम होतं हे मान्य, पण उतरवताना निम्मी वाक्यं आपोआप सुधारतात.