पोटचा मुलगा आणि पगारी मावशी

"आईचं करायला पगारी बाई ठेवली, म्हणजे मी जबाबदारी झटकली का?" पुण्यातल्या एका पन्नाशीच्या गृहस्थांचा प्रश्न. आई ७८ वर्षांची, पक्षाघातानं उजवी बाजू गेलेली. त्यात मामांचा टोमणा: "पोटचा मुलगा असताना परकी बाई कशाला?"

घरी रुग्णसेवेला बायका पुरवणाऱ्या ब्यूरोकडून आलेल्या दोन बायका तीन महिन्यांत सोडून गेल्या होत्या. मन हलकं करण्याआधी त्या का गेल्या, हे पाहणं गरजेचं होतं. बारा तासांची पाळी, आठवड्याची सुट्टी नाही, आणि दुसऱ्या आठवड्यापासून धुणं-भांडीही गळ्यात. हाक मात्र 'मावशी'! मावशीनं रजा मागितली की घराचं तोंड वाकडं. 'सेवा' म्हटलं की पगारवाढीचं बोलणंही हावरटपणा ठरतं.

बाई भांड्यांत अडकली की आईची कूस बदलायची राहून जाई. माकडहाडाजवळ लाली आली होती, बोटानं दाबली तरी फिकी पडत नव्हती. शय्याव्रण, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होणारी जखम, इथूनच सुरू होतं. घरच्यांनी तिथं तेल चोळलं, तेही चुकलंच. चोळल्यानं आतली इजा वाढते. डॉक्टरांना दाखवलं. लाली जाईपर्यंत उताणं झोपवणं बंद, दर दोन तासांनी कूस बदलायची आणि वहीत लिहायचं: १० डावी, १२ उजवी, २ डावी. बाईची कामं कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावली. धुणं-भांडी त्यात नाहीत. रविवारी पूर्ण सुट्टी.

गाडी अडली ती इथं. रविवारी करायचं कोणी? "आईचं अंग मी कसं पुसू?" गृहस्थ म्हणाले आणि बायकोकडे पाहिलं. मामांच्या वाक्यातला 'पोटचा मुलगा' व्यवहारात सूनच होती. तिची नोकरी, तिची कंबर, हा विषय तोवर कोणी काढलाच नव्हता.

ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार. ते स्वतःच्याच हातानं करावं, असं त्यात कुठंही नाही. पण पैसे मोजले म्हणून डॉक्टरांशी बोलणं, औषधं ठरवणं, रोज कातडी बघणं बाईवर सोडता येत नाही. ही तीन कामं मुलानं घेतली. अंग पुसणं तो तिसऱ्या बाईंकडून शिकला. आधी पाठ, पांघरूण न काढता.

पहिल्या रविवारच्या पानावर बाराऐवजी पावणेएक लिहिलेलं आहे. सोमवारी मावशींनी त्याखाली लाल पेनानं रेघ मारली.